सेवेला वार, देणगीला पावती, पदाला मुदत

जळगाव जामोद तालुक्यातल्या कुठल्याही गावी भंडाऱ्याला जा. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, मंडपात लांबच लांब पंगती. आणि वाढपी? ते कधीच कमी पडत नाहीत. कॉलेजातली पोरं, दुकानाचं शटर ओढून आलेला किराणावाला, रजा टाकून आलेला एसटीचा कंडक्टर, सगळे बाह्या सरसावून बादल्या उचलतात. ‘घ्या ना भाऊ, लाजू नका’ म्हणत आग्रह चालतो आणि शेवटची पंगत उठेपर्यंत यातलं कुणी खाली बसत नाही.

महिन्याभराने त्याच गावात वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा लागते. समिती अकरा जणांची, आलेले चार. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच खोलीत त्याच चौघांत पुन्हा भरते. ठराव होतात. उरलेल्या सात जणांच्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं.

माणसं तीच आहेत. बादली उचलणाऱ्यांतलेच काही जण या अकरांत आहेत. मग पंगतीत पाय न दुखणाऱ्या माणसाचे सभेला यायच्या वेळीच पाय का दुखतात?

पंगतीतल्या वाढप्याला चार गोष्टी कुणी न सांगता कळलेल्या असतात. काम काय, तर हातातली बादली आणि समोरची रांग. संपणार कधी, तर शेवटची पंगत उठली की. उपयोग काय झाला, तर समोरच्या माणसाने दिलेली ढेकर. आणि जमलेली वर्गणी कुठे गेली, तर ती पातेल्यात दिसते आहे. समितीच्या सदस्याचं याच्या अगदी उलट असतं. त्याला पद आहे, काम नाही. ते कधी संपणार, ठाऊक नाही. त्याच्या येण्याने काय फरक पडला, दिसत नाही. पैशाचं म्हणाल, तर ते पासबुक कोषाध्यक्षांच्या कपाटात.

सामाजिक संस्था खंगतात तेव्हा ‘आता पूर्वीसारखे लोक राहिले नाहीत’ असं म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. पण या भागात देणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. तोटा आहे तो देण्याला घडी बसवण्याचा. ही घडी तीन ठिकाणी बसवावी लागते: माणसाच्या वेळेला, लोकांच्या पैशाला आणि पुढाऱ्याच्या खुर्चीला.

वार लावलेली सेवा

पूर्वी खेड्यातला गरीब मुलगा शहरात शिकायला आला की ‘वार’ लावायचा. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली की आठवडा भागला. हा रिवाज जातीच्या चौकटीत चालायचा हे खरंच, पण त्याची मांडणी पाहा. परक्या मुलाला रोज जेवू घालायला एकही घर तयार झालं नसतं. आठवड्यातून एकदा जेवू घालायला सात घरं मिळत. एका घरी आजारपण निघालं तर मुलाचा एक वार बुडायचा, शिक्षण बुडत नसे. स्वयंसेवकांचं नियोजन म्हणून आज जे शिकवलं जातं, त्याचं मर्म एवढंच आहे. मोठं ओझं एकाच्या डोक्यावर द्यायचं नाही, त्याचे वार करायचे.

या मांडणीचा पुरावा शोधायला जळगाव जामोदकरांना लांब जावं लागत नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या वेशातले सेवाधारी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणून पुढची वाट दाखवतात. दर्शनबारी, महाप्रसाद, चपला सांभाळणं, स्वच्छता. ही माणसं गावोगावहून पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि आपल्या शेताकडे, दुकानाकडे परत जातात. वेतन नाही. तरीही सेवेची संधी मिळावी म्हणून लोकांना थांबावं लागतं. इतर संस्था स्वयंसेवक मिळत नाहीत म्हणून रडतात आणि इथे स्वयंसेवकांचीच रांग लागते. श्रद्धा हे त्याचं मोठं कारण आहे, यात शंका नाही. पण श्रद्धा तर इतर देवस्थानांतही असते. शेगावात तिला पाळी, जागा आणि शिस्त मिळाली. आपण कधी जायचं, कुठे उभं राहायचं आणि कधी सुटायचं, हे सेवाधाऱ्याला आधीच माहीत असतं.

बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये तिथे विवेकानंद आश्रम स्थापन केला. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीला तिथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची महापंगत बसते. शेतात आखलेल्या रांगांत अफाट जनसमुदाय एकाच वेळी बसतो आणि रांगांमधल्या वाटांनी ट्रॅक्टर फिरवून त्यांवरून वाढप होतं. एवढं अन्न वेळेत पानात पडतं ते रांग, वाट आणि वाढपी यांचा हिशेब आधी जमिनीवर मांडलेला असतो म्हणून. भक्तीने माणसं जमतात. पुरी गरम असताना पानात पडायला चुन्याची फक्की मारावी लागते.

देवाधर्माबाहेरचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. पानी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत २०१८ मध्ये राज्यातला दुसरा क्रमांक सातारा जिल्ह्यातल्या भांडवलीबरोबर मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडला विभागून मिळाला. त्या स्पर्धेची रचना पाहण्यासारखी होती. श्रमदान फक्त ४५ दिवसांचं, ८ एप्रिल ते २२ मे. गावातल्या काही निवडक लोकांना आधी प्रशिक्षण. कोणत्या कामाला किती गुण, हे आधीच जाहीर. ‘गावासाठी काहीतरी करा’ असं म्हटलं असतं तर दहा लोक आले असते. ‘४५ दिवस, इतके घनमीटर, मोजून दाखवू’ म्हटल्यावर गाव कुदळी घेऊन डोंगरावर चढलं.

तारखाही आंधळेपणाने निवडलेल्या नव्हत्या. एप्रिल-मे म्हणजे रब्बी घरात आलेली असते आणि मृगाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. जळगाव जामोदसारख्या कपाशीच्या मुलखात संस्थेचं कॅलेंडर शेताच्या कॅलेंडरवर बसवावंच लागतं. जूनमध्ये पेरणी, नंतर निंदण-डवरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू. त्या दिवसांत सभा ठेवून ‘लोक येत नाहीत’ म्हणणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाला परीक्षेला बोलावणं. स्त्रियांच्या बाबतीत हीच चूक रोज होते. सभा संध्याकाळी साडेसातला ठेवायची, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी, आणि मग ‘महिलांचा सहभाग कमी आहे’ असा शेरा मारायचा. तीच सभा दुपारी अडीचला ठेवा आणि पाहा.

आता एक कल्पना करू. समजा, जळगाव जामोदात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवायची आहे. पहाटे सहा ते रात्री दहा. दिवसभर एक मानधनावरचा माणूस बसेल, पण पहाटे दार उघडायला आणि रात्री बंद करायला कुणी तरी हवं. नेहमीची पद्धत अशी की एक हौशी तरुण ‘मी पाहतो’ म्हणतो. तीन महिने तो पाहतो. चौथ्या महिन्यात त्याचं लग्न ठरतं, किंवा नोकरी लागते, किंवा तो नुसता कंटाळतो, आणि अभ्यासिकेच्या दाराला कुलूप लागतं. दोष त्याला लागतो. खरं तर तो रोजच्या रोज जेवू घालणारं एकटं घर होता.

त्याऐवजी वार लावा. रोज दोन पाळ्या, आठवड्याच्या चौदा. चौदा माणसं, प्रत्येकाला आठवड्यातून एकच पाळी, शिवाय चार जण बदलीसाठी. अठरा नावांचा तक्ता भिंतीवर. तीन महिन्यांनी तक्ता नव्याने लिहायचा. ज्याला थांबायचं आहे त्याने कसलीही लाज न बाळगता थांबायचं. हे शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. जिथून बाहेर पडता येत नाही अशा कामात शिरायला माणूस घाबरतो. सुटण्याचा दिवस ठाऊक असेल तर तो निर्धास्त येतो, आणि पुष्कळदा सुटायच्या दिवशी ‘अजून तीन महिने लिहा माझं नाव’ म्हणतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला सतरंज्या उचलायला लावू नका. निवृत्त मुख्याध्यापकाला गणिताचा तास द्या, आयटीआय झालेल्या मुलाला वायरिंग दाखवा, बँकेतून निवृत्त झालेल्या ताईंकडे वह्या सोपवा. माणूस सेवा करायला येतो तेव्हा आपल्याला जे येतं ते कामी यावं, अशी त्याची इच्छा असते. तिसरी गोष्ट, स्वयंसेवक फुकट नसतो. त्याचा चहा, त्याचं शिकणं, त्याच्याशी फोनवर बोलून पाळ्या जुळवणारा माणूस, या सगळ्याला खर्च येतो. तो अंदाजपत्रकात धरला नाही तर कुणा एकाच्या खिशातून जातो आणि तो एक जण हळूच दिसेनासा होतो.

आपत्तीत हीच गोष्ट लख्ख दिसते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. नद्या-नाल्यांना पूर आले, घरांत पाणी शिरलं, शेतं खरडून गेली. अशा वेळी पहिल्या आठवड्यात माणसं धावतात, कारण काम समोर दिसतं. चिखल उपसायचा, शिधा पोचवायचा. कसोटी लागते ती तिसऱ्या आठवड्यात. पंचनाम्यात नाव आलं का? बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का? मुलांची वाहून गेलेली पुस्तकं आली का? या कामाला टाळ्या नाहीत, फोटो नाही. ते उत्साहावर होत नाही, ज्यांचे वार ठरलेले आहेत त्यांच्याकडूनच होतं.

मूठ मूठ पैसा

पैशाच्या बाबतीतही मराठी माणसाला घरचीच विद्या आठवायला हवी. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि महिन्याने ती सार्वजनिक कामाला द्यायची, हा मुष्टिफंड. गोव्यात पणजीला १९०८ मध्ये निघालेल्या शिक्षणसंस्थेने तर नावच ‘मुष्टिफंड’ घेतलं. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. एका पैशाने काच बनत नाही. पण पैसा देणारा प्रत्येक जण तो कारखाना आपला समजू लागतो, आणि ही आपलेपणाची रक्कम हिशेबात न दिसता भांडवलात मिळते.

आपली कल्पनेतली अभ्यासिका पुन्हा घेऊ. समजा, जागेचं भाडं महिना ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,०००. मानधनही तेवढंच, ४८,०००. वीज महिना २,००० प्रमाणे २४,०००. वर्तमानपत्रं आणि मासिकं १,२०० प्रमाणे १४,४००. नवी पुस्तकं ९,६०० रुपयांची. एकूण १,४४,०००.

हा पैसा दोन प्रकारे येऊ शकतो. एक, कुणी एक दानशूर सगळी रक्कम देतो. समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, कोनशिला लागते. दुसरा, १२० माणसं महिना १०० रुपये देतात. तेही वर्षाला १,४४,००० होतात. आता दुसऱ्या वर्षी काय होतं ते पाहा. दानशुराचं मन बदललं, धंदा बसला किंवा तो निवडणुकीला उभा राहिला, की सगळी रक्कम गेली. १२० पैकी बारा जण गळाले तर १४,४०० रुपये कमी पडतील. त्या वर्षी नवी पुस्तकं घ्यायची नाहीत आणि काही वर्तमानपत्रं-मासिकं कमी करायची, पण दार उघडं राहील. शिवाय मोठ्या दात्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. अभ्यासिकेत त्याच्या वाढदिवसाचा फलक लावायचा का, या प्रश्नाचं उत्तर भाडं कोण भरतं यावर ठरतं.

ही १२० माणसं आहेत कुठे? काही गावात आहेत. पुष्कळशी पुणे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला नोकरीला गेलेली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी कधी काळी गावातल्याच कुठल्या तरी खोलीत दिव्याखाली अभ्यास केलेला आहे. महिन्याच्या पाच तारखेला मोबाइलवरून शंभर रुपये आपोआप वळते करायला त्यांना अडचण नाही. अडचण असते ती कुणी रीतसर मागितलेलं नसतं ही, आणि मागच्या वेळी दिले होते त्यांचं काय झालं ते कळलेलं नसतं ही.

गावातल्या शेतकऱ्याकडे मात्र दरमहा पैसा नसतो. त्याच्या हातात रोकड येते ती कापूस, सोयाबीन, तूर विकल्यावर. त्याच्याकडे मागायचं तर तेव्हा, आणि दरमहा नको, वर्षातून एकदा. तो पैशाऐवजी दोन पोती धान्य देईल, ट्रॅक्टर देईल, भिंत बांधायला वाळू टाकेल. तेही वहीत चढवा. वस्तूरूपाने आलेली मदत न लिहिणारी संस्था आपलीच निम्मी पुण्याई विसरते.

आता पावती. छापील पुस्तकाची, क्रमांक असलेली, स्थळप्रतीसह. आयकर कायद्यातली ज्याला सगळे ‘ऐंशी-जी’ म्हणतात ती सवलत देणाऱ्याला हवी असते, असं मानून कितीतरी संस्था तिच्याच मागे लागतात. ती नोंदणी असावी, हे खरं. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आपल्या शेतकरी दात्याला तिचा उपयोग नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदारालाही ती वजावट मिळत नाही. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला तर ती कुणालाच मिळत नाही. तरीही पावती हवी, ती दात्याच्या मनासाठी. शंभर रुपयांची पावती वेळेवर मिळाली की दात्याच्या लक्षात येतं: इथे शंभर रुपयांचीही नोंद होते.

पावतीनंतरची पायरी म्हणजे हिशेब वाचणं. सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात दाखल करणं ही कायद्याची गरज भागवते. लोकांची गरज वेगळी असते. ती कशी भागवायची, हे गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून शिकावं. त्यांची पंचसूत्री ठरलेली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब लेखन. दहा-बारा जणी गोल करून बसतात. कुणी किती भरले, कुणाकडे किती थकले, पेटीत किती उरले, हे मोठ्याने वाचलं जातं. जिला लिहिता येत नाही तिलाही ऐकू येतं. पतसंस्थांचे, मंडळांचे, ट्रस्टांचे जाडजूड वार्षिक अहवाल जे साधत नाहीत ते या पंधरा मिनिटांच्या वाचनाने साधतं. अभ्यासिकेच्या दाराशी एक काळा फळा लावा: या महिन्याची जमा, खर्च, शिल्लक. खडूने लिहिलेले तीन आकडे. संशयाला जागा लागते ती अंधारात. दारावरच्या फळ्यावर ती मिळत नाही.

मोठ्या पैशाचंही बोलायला हवं. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. याला सीएसआर म्हणतात. पण कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं तोच कायदा सांगतो. ज्या तालुक्यात मोठे कारखाने नाहीत, तिथे हा पैसा आपणहून वाट काढत येत नाही. तो आणायचा तर आयकर खात्याची नोंदणी, काही वर्षांची तपासलेली जमाखर्चपत्रकं, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर नोंदणी असे कागद चोख लागतात. आणि हा पैसा बहुधा प्रकल्पाचा असतो, दोन-तीन वर्षांचा. त्यातून संगणक येतील. संगणक चालू ठेवणाऱ्या वीजबिलाचा भार शेवटी शंभर रुपयेवाल्यांवरच असतो. म्हणून पाया मूठ मूठ पैशाचा, कळस प्रकल्पाचा. उलट केलं की प्रकल्प संपतो त्या दिवशी संस्थाही संपते.

झाडू आणि खुर्ची

नेतृत्वाचं काय? वऱ्हाडात या विषयावर बोलताना गाडगेबाबांना बाजूला ठेवून चालत नाही. ते गावात आले की आधी झाडू घेऊन रस्ता झाडायचे, कीर्तन रात्री. झाडणाऱ्याच्या मागे चार पोरं आपोआप झाडू घेऊन येत. पण गाडगेबाबांचा दुसरा गुण कमी सांगितला जातो. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि त्या विश्वस्तांच्या हाती सोपवल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपल्या नातलगांना त्या वास्तूंवर हक्क सांगू दिला नाही. कामाला सर्वांत आधी हात घालायचा आणि मालकीवरून सर्वांत आधी हात काढायचा, असे दोन्ही गुण त्यांच्यात होते. आपल्या संस्थांत झाडू हाती धरणारे नेते अजून भेटतात. हात काढणारे दुर्मीळ.

आणखी एक प्रसंग पाहू. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्यात टिळक होते, आगरकर होते. निष्ठा, त्याग, बुद्धी, कशाचीच उणीव नव्हती. तरीही सहा वर्षांत मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. वाद अफरातफरीचा नव्हता. आजीव सदस्यांनी किती वेतन घ्यावं, बाहेरचं काम आणि मिळकत घ्यावी की नाही, असे ते प्रश्न होते. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. थोर माणसं एकत्र आली म्हणून भांडणं टळत नाहीत. मान-धन-वेळ यांचे नियम आधीच कागदावर असावे लागतात. आणि टिळकांसारखा माणूस बाहेर पडला तरी फर्ग्युसन कॉलेज बंद पडलं नाही. संस्था कुणाच्या तरी नावावर उभी असली तर त्या नावाबरोबर जाते. रीतीवर उभी असली तर राहते.

शेगाव संस्थान १९०८ चं. त्याच्या व्यवस्थापनाचं नाव देशभर झालं ते शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात. ऑगस्ट २०२१ मध्ये भाऊ गेले. दर्शनबारी चालू राहिली, महाप्रसाद चालू राहिला, सेवाधाऱ्यांच्या पाळ्या चालू राहिल्या. एखाद्या व्यवस्थापकाला याहून मोठी श्रद्धांजली नसते.

याच्या उलट चित्र तालुक्या-तालुक्यात आहे. संस्थापक अध्यक्ष, मग त्यांचे चिरंजीव अध्यक्ष, सूनबाई सचिव. किंवा दोन गटांत भांडण, दोन्हींच्या वेगवेगळ्या कार्यकारिणी, दोन्हींचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून आणि बँकेचं खातं गोठलेलं. महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते, त्यासाठी किमान सात सभासद लागतात. शिवाय १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही ती नोंदवावी लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करायचा असतो. निवडणूक झाली, हार-तुरे झाले आणि हा अर्ज राहून गेला, तर संस्थेची वही आणि सरकारी दप्तर यांच्यात फट पडते. वर्षं जातात. मग कुठल्या तरी अनुदानासाठी दाखला काढायला गेल्यावर कळतं की दप्तरी अजून दिवंगत अध्यक्षच अध्यक्ष आहेत.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो पहिल्या वर्षी करावा लागतो, भांडण नसताना. घटनेत लिहून ठेवा की एका पदावर कुणीही तीन-तीन वर्षांच्या दोन मुदतींपेक्षा जास्त बसणार नाही. एका घरातली दोन माणसं एकाच वेळी कार्यकारिणीत नसतील. बँकेत दोन सह्या लागतील आणि सह्या करणाऱ्या दोघांचं गोत एक नसेल. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताखाली एक जण शिकत असेल. बचत गटात अध्यक्ष, सचिव बदलत राहतात तेव्हा पहिल्यांदा घाबरत बँकेत गेलेली बाई दोन वर्षांनी दुसरीला हात धरून घेऊन जाते. नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणतात ते हेच. त्याला हॉटेलातली कार्यशाळा लागत नाही.

माजी झालेल्यांचीही सोय लावावी लागते. आपल्याकडे पद सोडणं म्हणजे पडणं, असा समज आहे. म्हणून लोक खुर्ची सोडत नाहीत. जाणाऱ्या अध्यक्षाला निरोप द्या, सल्लागार म्हणून बसवा, वर्षातून एकदा त्याचं ऐका. पण किल्ल्या नव्याच्या हाती द्या.

वाढप्यांची पंगत

सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका साध्या प्रश्नांचा नाही. वर डोंगरात भिलाला, बारेला, कोरकू वस्त्या आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारं पाणी. शिक्षण, आरोग्य, पाणी, प्रत्येक ठिकाणी सरकारच्या हाताला लोकांचा हात लागायलाच हवा, आणि तो एका पावसाळ्यापुरता लागून भागणार नाही.

म्हणून भंडाऱ्याचं शेवटचं दृश्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेवटची पंगत उठते. पातेल्यांच्या तळाशी थोडं वरण, थोडी भाजी उरलेली असते. घामेजलेले वाढपी हात धुऊन मंडपात एका रांगेत बसतात. आणि मघाशी जेवून उठलेल्यांतले चार जण, कुणी न सांगता, त्यांच्या हातातल्या बादल्या घेतात.

‘बसा भाऊ, आता आम्ही वाढतो.’

जो वाढपी बादली सोडून खाली बसतो, त्यालाच ते जेवण मिळतं. ज्या संस्थेत हे वाक्य दर तीन वर्षांनी ऐकू येतं, तिच्या दाराला कुलूप लागत नाही.